पस्तीस किलो, शंभर मीटर, दोन मिनिटं

दौंड-मनमाड मार्गावरचं बेलापूर स्थानक श्रीरामपूर शहरात आहे. प्रवरेकाठचं बेलापूर गाव तिथून काही किलोमीटरवर. या टापूतल्या दहावी झालेल्या पोरांसाठी मला एका मजकुराचं रसग्रहण करायचं आहे. रेल्वे भरती मंडळाची ही जाहिरात: क्रमांक ०८/२०२४, लेव्हल एक (ट्रॅकमनसारखी पदं), जागा ३२,४३८.

पहिल्या वाचनात ती रुक्षच वाटते. तारखा, तक्ते, परिशिष्टं. उमेदवाराचं कौतुक कुठंच नाही. पण शारीरिक चाचणीच्या कलमापाशी थांबावं. पुरुषांनी पस्तीस किलो वजन खाली न ठेवता शंभर मीटर न्यायचं, दोन मिनिटांत. मग हजार मीटर धावायचं, सव्वाचार मिनिटांत. स्त्रियांना वजन वीस किलो, धाव पाच मिनिटं चाळीस सेकंदांत. संधी एकच. विशेषणाविना लिहिलेल्या या ओळींत मला ट्रॅकमनचा अख्खा दिवस दिसतो: तापलेली खडी, खांद्यावरची अवजारं, मैलोगणती पायपीट. काम कष्टाचं आहे हे मजकूर लपवत नाही. पगारही उघड सांगतो, मूळ वेतन १८,००० रुपये.

त्याहून मला आवडतं ते शुल्काचं कलम. खुल्या गटातल्या उमेदवारानं पाचशे रुपये भरायचे. संगणकावरची परीक्षा दिली की बँकेचा आकार वजा करून चारशे परत. महिला, माजी सैनिक, अनुसूचित जाती-जमातींचे उमेदवार यांना अडीचशे, आणि परीक्षा दिली की बँकेचा आकार वजा जाता परतावा त्या पूर्ण रकमेचा. अर्ज केलास तर परीक्षेला ये, एवढीच अपेक्षा. सरकारी भाषेतला हा सरळपणा मला फार मोलाचा वाटतो. निवड गुणवत्तेवरच होते, दलालांच्या नादी लागू नका, हेही तिथं बजावलेलं असतं.

आता खोटं नियुक्तिपत्र याच्या शेजारी ठेवा. बोधचिन्ह मोठं, शिक्का ठसठशीत, पहिल्याच ओळीत अभिनंदन. पुढं घाई: अनामत आजच भरा, जागा जाईल. तोंडी भाषा ‘सेटिंग’ची, ‘साहेबांच्या कोट्या’ची. पस्तीस किलोंचा उल्लेख नाही, कारण त्या मजकुराला तुमच्या खांद्यांशी देणंघेणं नाही.

मात्र नक्कल कधीकधी फार बारकाईनं होते. २०२२ च्या जून-जुलैमध्ये तमिळनाडूतल्या २८ जणांना नवी दिल्ली स्थानकावर महिनाभर, रोज आठ तास, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायला बसवलं होतं. हेच प्रशिक्षण, असं त्यांना सांगितलेलं. वैद्यकीय तपासणीसुद्धा झाली होती. या खोट्या नोकरीसाठी त्यांनी दोन लाखांपासून चोवीस लाखांपर्यंत रक्कम मोजली. एकूण २ कोटी ६७ लाख. स्थानक खरं होतं, गाड्या खऱ्या होत्या, म्हणूनच शंका आली नसावी. भामट्याला प्रशिक्षणाचा देखावा उभा करता येतो. हजारोंनी एकाच वेळी दिलेली परीक्षा आणि मंडळाच्या संकेतस्थळावरचा निकाल त्याला उभा करता येत नाही. वाचकानं नेमकी तीच पोकळी शोधावी.

तेव्हा कुणी नोकरी लावतो म्हणाला, तर आधी जाहिरात क्रमांक विचारा. मग मंडळाचं संकेतस्थळ स्वतः उघडून ती जाहिरात पहिल्या पानापासून वाचा. घरच्यांनाही वाचून दाखवा, कारण शेत गहाण ठेवून पैसे उभे करणारे तेच असतात. ऑनलाइन पैसे गेले असतील, तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० वर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.