हात काचेवर, पाठ वस्तूकडे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धर्मग्रामातील तीसेक मुलांना घेऊन आम्ही शहरातील एका वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. जुन्या मूर्तींच्या दालनात मधोमध, मुलांच्या छातीइतक्या उंचीवर, एक टचस्क्रीन बसविलेला होता. दालनात शिरताच मुलांनी त्याला गराडा घातला. बोट लावले की चित्र सरकते, पुन्हा लावले की दुसरे येते, एवढीच त्याची करामत. पण तेवढ्यासाठी रांग लागली, ढकलाढकली झाली. पडद्यावर जिचे चित्र होते ती मूर्ती तेथून पाच पावलांवर उभी होती. तिच्यासमोर थांबलेला मुलगा एकच, आणि तोही काचेजवळ जागा मिळाली नाही म्हणून. पुढल्या दालनातील पडदा काळाठिक्कर होता. 'दुरुस्ती चालू आहे' असा कागद त्यावर चिकटवलेला होता आणि तो कागदही पिवळा पडला होता.

एवढ्यावरून साऱ्या तंत्राला दोष देणे न्यायाचे होणार नाही. एखाद्या कलेची वा तंत्राची परीक्षा करायची तर तिचा उत्तम नमुना घ्यावा; वाईट नमुन्यावर कोणीही तोंडसुख घेऊ शकतो. ह्या बाबतीतला उत्तम नमुना म्हणून ज्याचा वारंवार उल्लेख होतो, ते अमेरिकेतील ओहायो राज्यामधले क्लीव्हलँड कलासंग्रहालय होय. 1916 साली उघडलेल्या ह्या संग्रहालयात कायमचा संग्रह पाहण्यास आजही तिकीट लागत नाही. तेथे जानेवारी 2013 मध्ये 'गॅलरी वन' नावाचे दालन सुरू झाले. त्यात चाळीस फूट लांबीची एक स्पर्शभिंत होती. दालनांत मांडलेल्या चार हजारांहून अधिक कलाकृतींची चित्रे तीवर एकाच वेळी झळकत. हवे त्या चित्राला हात लावावा, ते मोठे होते. आवडले तर हृदयाच्या खुणेला स्पर्श करावा, ते आपल्या हातातील यंत्रात उतरते. आणि अशा निवडींवरून आपला फेरफटका आपणच आखून निघावे, अशी ती योजना होती. शेजारी काही खेळही होते. पुतळ्याची ढब आपल्या अंगाने धरून दाखवावी, कितपत जमली ते यंत्र सांगते.

ह्यातील भिंतीची कल्पना आम्हांस मनापासून आवडते. मोठ्या संग्रहालयात शिरलेला सामान्य माणूस बुजतो. कोठून आरंभ करावा हे त्याला कळत नाही, आणि विचारायची लाज वाटते. त्या भिंतीने त्याच्यापुढे सारे घर एकदम उघडून ठेवले आणि 'तुम्हीच निवडा' असे म्हटले. ह्यात यजमानपणाची खरी रीत आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीने 1991 साली आपल्या नव्या सेन्सबरी विंगमध्ये 'मायक्रो गॅलरी' उघडली, तेव्हा तिच्यामागेही असाच विचार होता. त्या खोलीत स्पर्शाने चालणारे संगणक मांडलेले होते. तेथे बसून गॅलरीतील चित्रांची माहिती वाचायची, हवी ती चित्रे निवडायची, मग त्यांच्याकडे नेणारा आराखडा कागदावर छापून घ्यायचा आणि उठून चालू लागायचे. पडदे एका खोलीत, चित्रे दुसरीकडे, आणि दोहोंना जोडणारा हातातला एक कागद! तीन दशकांपूर्वीची ती व्यवस्था आज बाळबोध वाटेल. पण पडद्याचे काम कोठे संपते हे तिला ठाऊक होते.

क्लीव्हलँडची गोष्ट अधिक बोधक आहे, कारण त्या संग्रहालयाने आपलीच चूक आपण हेरली. 2017 साली त्यांनी त्या दालनाची फेररचना करून त्याला 'आर्टलेन्स गॅलरी' असे नाव दिले. मोठी भिंत राहिली. परंतु कलाकृतींच्या लगतचे टचस्क्रीन काढून टाकले आणि त्यांच्या जागी माणसाच्या हालचालींना प्रतिसाद देणारी, भिंतीवर पडणारी चित्रे आणली. कारण साधे होते. हाताशी पडदा असला की मान खाली जाते, आणि ज्या वस्तूसाठी माणूस तेथवर आला ती नजरेबाहेर राहते. कोट्यवधींचा खर्च करून उभारलेली, जगाने वाखाणलेली गोष्ट चार वर्षांत मोडून पुन्हा मांडायला मोठे मन लागते. (हात न लावता चालणाऱ्या ह्या रचनेचा आणखी एक फायदा 2020 च्या महामारीत सर्वांच्याच लक्षात आला असेल.)

2018 साली नातलगांकडे गेलो असता हे नवे दालन पाहण्याचा योग आम्हांस आला. त्यातील एक खेळ आमच्या लक्षात राहिला आहे. आपण एक चित्र पाहत उभे राहायचे. यंत्र आपल्या बुबुळांचा माग घेते आणि नजर कोठे रेंगाळली, कोठे फिरकलीच नाही, ते नंतर दाखविते. आम्ही स्वतःस बऱ्यापैकी चोखंदळ समजत होतो. चेहऱ्यांपलीकडे आमची नजर जवळजवळ गेलीच नव्हती! चित्राविषयी एक अक्षरही न सांगता ह्या खेळाने आम्हांस पाहण्याविषयी शिकविले. ढब धरण्याच्या खेळाबद्दल मात्र आमचे मत तितकेसे बरे नाही. मुले हसतात, आईवडील छायाचित्रे काढतात, गुण मोजले जातात, आणि पुतळा त्या सगळ्याला निमित्तमात्र उरतो.

तेथून आम्ही योनाचे संगमरवर पाहण्यास गेलो. हे शिल्प इ. स. 280 ते 290 च्या सुमाराचे, बहुधा आशिया मायनरमधले. म्हणजे ख्रिस्ती लोकांना साम्राज्यात मोकळेपणा मिळण्याच्याही आधीचे. माशाच्या तोंडात शिरणारा योना, बाहेर फेकला जाणारा योना, प्रार्थना करणारा योना, वेलीखाली पहुडलेला योना, त्यांच्यासोबत खांद्यावर मेंढरू घेतलेला उत्तम मेंढपाळ, आणि त्याच समूहातील सहा अर्धपुतळे. लहानपणापासून प्रवचनांतून ऐकलेला मासा येथे मासा नाहीच. कान आणि पंजे असलेला ग्रीक सागरराक्षस आहे. त्याच्या जबड्यातून योनाचे पाय वर निघालेले आहेत. ह्या मूर्तींची उंची सुमारे दीड फूट. त्या इतक्या लहान असतील अशी आमची कल्पना नव्हती, कारण तोवर आम्ही त्या केवळ चित्रांत पाहिल्या होत्या आणि चित्रात प्रत्येक वस्तू पडद्याएवढी असते. काचेवर हस्तिदंताची डबी आणि भिंतभर गालिचा एकाच मापाचे होतात. संगमरवर, पितळ, रेशीम ह्या साऱ्यांचा स्पर्शही काचेवर एकच, थंड आणि गुळगुळीत. ज्या घरात जागोजागी 'हात लावू नका' असे लिहिलेले असते, त्या घरात हात लावायची मुभा असलेली एकुलती एक वस्तू अशी असावी, ह्यात थोडा विनोद आहे खरा.

तरीही त्या मूर्तींपाशी एखादा पडदा आम्हांस उपयोगी पडला असता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्यांची मागची बाजू कशी कोरली आहे, असा दगड कोणत्या खाणींत मिळे, त्या काळी इतकी सुटी, चहूंकडून कोरलेली ख्रिस्ती शिल्पे इतकी दुर्मीळ का, हे प्रश्न आमच्या मनात मूर्ती पाहिल्यानंतर उठले. प्रश्न उठल्यावर उत्तर देणारा पडदा मार्गदर्शक होय. प्रश्न उठण्याआधीच उत्तरे ओतणारा पडदा दारात उभ्या असलेल्या बडबड्या शेजाऱ्यासारखा असतो. तो माणसाला आत जाऊच देत नाही.

हे सारे आज लिहिण्यास एक निमित्त घडले आहे. आमच्या भागातील एका धर्मग्रामात जुन्या वस्तूंची एक खोली मांडण्याचे घाटत आहे. जाती, उखळे, लाल लुगडी, देवळातील कातीव लाकूडकाम, आणि वाडीतल्या विहिरीवरून उतरविलेला एक आख्खा रहाट, असे पुष्कळ काही लोकांनी आपण होऊन आणून दिले. खर्चाचा जो कागद आमच्याकडे अभिप्रायासाठी आला त्यात सर्वांत मोठी रक्कम टचस्क्रीनची आहे. तरुण मंडळींचा उत्साह आम्हांस कौतुकाचा वाटतो, आणि पडदा नकोच असे आमचे म्हणणेही नाही. परंतु त्या पडद्यावर काय दिसणार, असे विचारले तेव्हा 'वस्तूंचे फोटो आणि नावे' असे उत्तर मिळाले. फोटो कशाला, वस्तू तर समोरच आहेत! आणि नावे? ती कोणी लिहून घेतली आहेत का, ह्या प्रश्नावर सगळेच गप्प झाले.

म्हणून आम्ही एवढेच सुचविले की यंत्राची खरेदी वर्षभर लांबवावी आणि त्यातील थोड्या पैशांत एक बऱ्यापैकी ध्वनिमुद्रक घ्यावा. पडदा आलाच तर तो खोलीच्या दारात न ठेवता शेवटच्या भिंतीपाशी ठेवावा. रहाट चालता असताना कसा आवाज करी, मोट आणि रहाट ह्यांत फरक काय, लुगडे नेसायला किती वेळ लागे, हे सांगणारे बोल त्यातून ऐकू यावेत. अशा गोष्टींना पडद्यावाचून गत्यंतर नाही, कारण त्या वस्तूकडे नुसते पाहून कळत नाहीत.

गेल्या रविवारी मिस्सानंतर ऐंशी ओलांडलेल्या एका आजोबांना त्या खोलीत नेले. डोळ्यांना आता कमी दिसते, म्हणून ते रहाटाच्या लाकडावरून हात फिरवीत एकेका भागाचे नाव सांगू लागले. मध्येच एका खाचेपाशी थांबून 'ही माझ्या बापाने तासली' म्हणाले. आमच्यासोबतच्या मुलीने वही काढली. दुपारपर्यंत एकोणीस नावे झाली होती. त्यांतली पाच आम्ही जन्मात प्रथमच ऐकत होतो, आणि दोनांबद्दल आजोबांचे व शेजारच्या आजींचे एकमत होईना. पुढच्या रविवारी दोघांनाही पुन्हा बोलावले आहे.