मर्गट्रॉइड

हे इंग्रजी आडनाव एका दमात उच्चारू नये. मर्, गट्, रॉइड असं थांबत म्हणावं, म्हणजे यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या वॉर्लीची चढण पायाखाली येते. रूढ फोड अशी: ‘मूर’ म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा माळ, ‘गेट’ म्हणजे वाट, ‘रॉइड’ म्हणजे जंगल तोडून काढलेलं रान. माळाच्या वाटेवरच्या त्या रानात राहणारा तो मर्गट्रॉइड. यातलं ‘गेट’ हे दार नव्हे. वायकिंगांच्या नॉर्स भाषेतला तो रस्ता आहे, उत्तर इंग्लंडमधल्या गल्ल्यांच्या नावांत अजून वापरात असलेला. एका आडनावात दोन भाषा, आणि सांधा हाताला लागत नाही!

खरी गोडी शेवटच्या अवयवात आहे. जुना इंग्रजी शब्द ‘रॉड’, पण या भागाच्या बोलीत असा ‘ओ’ वळून ‘ऑइ’ होतो. इथला कोळसा ‘कोल’ नसतो, ‘कॉइल’ असतो. पुढे इंग्रजी प्रमाण झाली, शाळांनी बोली झिजवली. आडनावात मात्र तो वळसा जसाच्या तसा राहिला. ॲक्रॉइड म्हणजे ओकच्या झाडांचं रान, होलरॉइड म्हणजे खोलगटातलं. अगाथा ख्रिस्तीचा रॉजर ॲक्रॉइड वाचताना यापुढे कान जरा टवकारून ठेवावेत.

स्मिथ म्हणजे लोहार. तो गावोगावी होता, म्हणून आडनावही गावोगावी. मर्गट्रॉइडचं मूळ एकाच जागी, त्यामुळे १८८१च्या जनगणनेतही ते मुख्यतः यॉर्कशरच्या पश्चिम भागातच दाटलेलं दिसतं. सतराव्या शतकात हॅलिफॅक्सचा कापडव्यापारी जेम्स मर्गट्रॉइड याने कीथलीजवळचं ईस्ट रिडल्सडेन हॉल घेऊन नव्याने बांधलं. देवडीवर चाकासारखी गोल दगडी खिडकी बसवली, ती हॅलिफॅक्सकडच्या घरांची खूण. लोकरीच्या पैशाने नाव दरी ओलांडून गेलं, आणि जाताना आपली खिडकीही घेऊन गेलं.

इंग्रज नाटककार गिल्बर्टने १८८७च्या ‘रडिगोर’ या संगीतिकेत हे नाव कॉर्नवॉलच्या शापित सरदारांना दिलं. नादासाठी घेतलं असावं. मातीचा विचार करता ते तिथे उपरंच वाटतं. ख्रिस्तीच्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये मात्र एका घरात दोन मैत्रिणी राहतात, हिंचक्लिफ आणि मर्गट्रॉइड. हिंचक्लिफ हे आडनावही त्याच मुलखातल्या, होमफर्थजवळच्या एका वस्तीचं. लेखिकेने हे ठरवून केलं असो वा नसो, जोडी अस्सल जमली आहे.