‘पिला’ आणि बाकीच्या गोगलगाई

मृदुकाय प्राण्यांचा पाठ आला की फळ्यावर पिलाचीच आकृती उमटते. त्या आकृतीमागे बेनी प्रसाद यांचे काम आहे. कर्मनारायण बहल यांनी संपादित केलेल्या भारतीय प्राण्यांवरील पुस्तकमालेत त्यांचे ‘पिला’ हे पुस्तक १९३२ साली लखनौहून निघाले.

पुस्तकाचे मोल वादातीत आहे, कारण प्राणीच तसा निवडला आहे. पिला पाण्यात कल्ल्याने श्वास घेते. पाण्यातला प्राणवायू कमी पडला की पृष्ठभागाशी येऊन मानेजवळची घडी नळीसारखी वर काढते आणि फुप्फुसात हवा भरून घेते. तळे आटले की चिखलात शिरून, झाकण घट्ट लावून पावसाची वाट पाहते. तिचा उजवीकडे दिसणारा कल्ला मुळात डाव्या बाजूचा. फुप्फुसाने जागा घेतली आणि तो सरकला. शिक्षकाला असा प्राणी आवडणारच.

आमची तक्रार पुस्तकाबद्दल नाही, त्यातून उतरवून घेणाऱ्यांबद्दल आहे. ‘पिलाला झाकण असते’ याचे ‘गोगलगायीला झाकण असते’ असे कधी झाले, ते कळलेही नाही. खुद्द प्रसादांनी १९२५ मध्ये पिलाच्या कुळातील भारतीय जातींचा फेरआढावा प्रसिद्ध केला होता. एका प्राण्यावरून सगळ्यांचे ठरवू नये, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

कोल्हापुरात मृगाचा पाऊस पडला की मुले डबीतून गोगलगाय घेऊन वर्गात येतात. ती बहुधा कुंपणाच्या भिंतीवरची नाहीतर भाजीच्या वाफ्यातली. तिला ना कल्ला, ना झाकण. डोळे लांब शिंगांच्या टोकांवर. पिलाचे मात्र शिंगांच्या बुडाशी, आखूड देठावर. उन्हाळ्यात तिच्या शंखाच्या तोंडावर पातळ पापुद्रा दिसतो आणि विद्यार्थी त्यालाच झाकण म्हणतात. तो नुसता वाळलेला चिकट स्राव, पाऊस आला की ती टाकून देते. खरे झाकण पायावर वाढते व जन्मभर सोबत राहते.

पिलात नर वेगळा, मादी वेगळी. डबीतली गोगलगाय एकाच देहात दोन्ही. हा फरक परीक्षेपुरता नाही. आफ्रिकेतली मोठी गोगलगाय १८४७ मध्ये कोलकात्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. एकदा समागम झालेली एकटी गोगलगायही शुक्राणू साठवून पुढे शेकडो अंडी मातीत घालू शकते. ज्याला फक्त पिला शिकवली, तो आपल्या वडिलांना बांधावर उरलेल्या एकीचे भय कसे समजावणार?

पिला काढून टाका, असे आमचे म्हणणे नाही. तिच्या शेजारी दुसरी ठेवा. आणि तिसरीही, कारण सह्याद्रीतली सायक्लोफोरस गटाची गोगलगाय दोघींचेही नियम मोडते: राहते जमिनीवर, श्वास घेते हवेतच, तरी झाकण बाळगते आणि नर-मादी वेगळे. झाकण हे पाण्यात राहण्याचे चिन्ह नव्हे, पूर्वजांकडून आलेला वारसा आहे, हे तिच्यामुळे दोन मिनिटांत पटते.

२०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातील विच्छेदनाला मनाई केली. तेव्हा आता काचेच्या बरणीत जिवंत पिला ठेवावी आणि ती नळी कधी वर काढते ते मुलांना घड्याळ लावून पाहू द्यावे. जमिनीवरची काचेवर सोडून खालून पाहिली की पायावरून सरकणाऱ्या लाटा दिसतात. नंतर हात मात्र साबणाने धुवायला लावावेत.