परिणाम नाही, की परिणाम दिसला नाही?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी एका सादरीकरणात मी ठणकावून सांगितलं होतं : ‘धार्मिक शिकवणीचा मदत करण्यावर काही परिणाम होत नाही, हे सिद्ध झालंय.’ गाईडनी एवढंच विचारलं, ‘परिणाम नाही, की दिसला नाही?’ माझी बोलती बंद. तुमची होऊ नये म्हणून हे लिहितोय.

माझा आधार होता जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा १९७३ चा गाजलेला पेपर. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे पाद्री होण्याचं शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी. अर्ध्यांना चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यावर बोलायचं होतं, बाकीच्यांना नोकरीच्या संधींवर. दाखला तुम्हाला माहीत असेल : लुटून, मारून टाकलेल्या वाटसरूला बघून याजक आणि लेवी पुढे निघून जातात, परका शोमरोनी मात्र थांबतो. शेजाऱ्याच्या मदतीला धावा, या ख्रिस्ती शिकवणीचं हे सगळ्यात ओळखीचं उदाहरण. भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत जाताना प्रत्येकाला वाटेत एक माणूस दारात कोसळलेला दिसायचा, खोकत, कण्हत. तो अर्थातच संशोधकांनी बसवलेला होता.

निकाल? घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला आले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के आणि उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. यावरून वर्गावर्गात सांगितलं जातं : श्रद्धा नाही, घड्याळ ठरवतं.

आता दुसरा आकडा बघा. दाखल्यावर बोलणार होते त्यांच्यातले १९ पैकी १० जण मदतीला आले, नोकरीवर बोलणाऱ्यांतले २१ पैकी ६. म्हणजे ५३ टक्के आणि २९ टक्के. फरक लहान आहे का? नाही. पण तो सांख्यिकीय कसोटीवर सिग्निफिकंट ठरला नाही. इतक्या छोट्या सॅम्पलमध्ये असा फरक खरा असूनही निसटू शकतो. १९७५ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड यांनी हेच आकडे पुन्हा तपासून ‘परिणाम नाही’ या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. मूळ पेपर सगळे सांगतात, हा आक्षेप फारसं कुणी सांगत नाही.

आणखी दोन गोष्टी. एक, सहभागी सगळेच धर्मशिक्षण घेणारे होते. तुलनेला दुसरा गटच नव्हता. मग धार्मिक माणसं इतरांपेक्षा जास्त मदत करतात की कमी, हे या प्रयोगातून कळणार कसं? दोन, घाईत असलेल्यांना निर्दयी म्हणण्याची आपल्याला फार घाई असते. पलीकडे कुणीतरी त्यांची वाट बघत होतं, म्हणजे तीही मदतच होती. मूळ लेखकांनीही ही शक्यता मांडली होती, आणि १९७८ मध्ये बॅटसन व सहकाऱ्यांनी ती तपासली. आपल्या पोहोचण्यावर फारसं अडलेलं नाही असं ज्यांना सांगितलं, ते घाईत असूनही जास्त थांबले.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र मोजमापावर आहे. दाखल्यातला शोमरोनी नुसता थांबत नाही. जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो, तिथल्या माणसाला पैसे देतो आणि जास्त लागले तर परतताना देईन म्हणतो. थोडक्यात, तो मदतीची व्यवस्था लावतो. चर्चचं सेवाकार्य बरंचसं असंच चालतं : दवाखाना, अन्नवाटप, आळीपाळीने आजाऱ्याकडे जाणं. एका गल्लीतल्या एका मिनिटात हे मोजता येत नाही. ज्याला घाई आहे त्याच्या वाट्याचं काम दुसरा करतो, म्हणून तर समुदाय लागतो.

पेपर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. प्रयोगाची रचना अजूनही शिकण्यासारखी आहे. पण तुमच्या प्रस्तावात ‘परिणाम आढळला नाही’ लिहिताना सॅम्पल किती होतं आणि नेमकं काय मोजलं, हे त्याच परिच्छेदात लिहा. नाहीतर सेवेत आयुष्य घालवणाऱ्या माणसांवर आपण ४० जणांच्या जोरावर शिक्का मारून मोकळे होतो. मी मारला होता.