कोसळणाऱ्या अग्निबाणांचे वाचन : ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या संगणकीय खेळाची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकीय खेळांकडे आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात बहुधा दोनच दृष्टींनी पाहिले जाते : विद्यार्थ्यांचा वेळ खाणारे व्यसन म्हणून, अथवा शिक्षणाचे एक रंजक साधन म्हणून. खेळ ही स्वतंत्र अर्थ असलेली कृती आहे व तिचे वाचन होऊ शकते, हा विचार या दोन्ही दृष्टींत बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या खेळाचा विचार एखादी कलाकृती तपासावी त्या पद्धतीने केला आहे. मेक्सिको सिटी येथील ‘स्क्वाड’ या कंपनीने तो तयार केला. ही कंपनी मुळात विपणनाच्या व्यवसायातील होती, आणि खेळाची कल्पना फेलिपे फालांघे या तिच्या तरुण कर्मचाऱ्याची होती. लहानपणी फटाक्यांना बांधून उडविलेल्या बाहुल्यांना त्याने ‘कर्बल’ हे नाव दिले होते. पहिली सार्वजनिक आवृत्ती जून २०११ मध्ये, तर पूर्ण स्वरूपातील आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे : खेळाडूपुढे इंजिने, इंधनटाक्या, पंख, हवाईछत्र्या अशा सुट्या भागांची यादी असते. त्यांपासून हवे ते यान जोडावयाचे व उडवावयाचे. मुक्त प्रकारात उद्दिष्टही कोणी ठरवून देत नाही. उड्डाणानंतर न्यूटनचे नियम यानाचा ताबा घेतात आणि बहुसंख्य याने कोसळतात. या कोसळण्याला खेळाडू मनापासून हसतो. हे हसू बेफिकिरीचे आहे, असा आक्षेप घेतला जातो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. मात्र हे हसू सर्वस्वी निर्दोष आहे असेही म्हणता येत नाही.

अपघात हाच मजकूर

विक्षिप्त यंत्रांची परंपरा जुनी आहे. अमेरिकन व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) याच्या चित्रांतील यंत्रे क्षुल्लक कामासाठी लांबलचक साखळी उभी करतात. १९९३ चा ‘द इन्क्रेडिबल मशीन’ हा संगणकीय खेळ त्याच वंशातला. परंतु गोल्डबर्गचे यंत्र हास्यास्पद ठरते ते चालते म्हणून. कर्बलमधील यंत्र हास्यास्पद ठरते ते चालत नाही म्हणून, आणि का चालत नाही याला निश्चित कारण असते म्हणून. हा फरक मूलभूत आहे.

प्रस्तुत लेखकाचे पहिले यान उदाहरणादाखल घेता येईल. एका बारीक मध्यखांबाभोवती नऊ घनइंधनाचे बूस्टर, आणि डोक्यावर, केवळ शोभा म्हणून, चार मोठे पंख. यान मंचावर उभे असतानाच वेताच्या छडीसारखे डोलू लागले. याचे कारण रचनेत आहे. खेळातील प्रत्येक भाग एकाच ‘जनक’ भागाला जोडलेला असतो. वंशवृक्षाप्रमाणे फांद्या फुटतात, पण दोन फांद्या परत एकमेकींना मिळत नाहीत. त्या बांधण्यासाठी वेगळे आधारदांडे लावावे लागतात, आणि ते लावलेले नव्हते. तरीही यान उडाले, काही सेकंद सरळ गेले आणि मग सावकाश, जणू विचार करून, उलटे फिरले. स्थिर उड्डाणासाठी यानाचा गुरुत्वमध्य पुढे व हवेच्या दाबाचा मध्य मागे असावा लागतो. डोक्यावरच्या पंखांनी हा क्रम उलटविला होता. बाणाला पिसे मागे का लावतात, हे भौतिकशास्त्राच्या पदवीनंतर इतक्या वर्षांनी अंगाला झोंबेल अशा रीतीने कळले.

अपघातानंतर पडद्यावर उड्डाणाचा अहवाल येतो. कितव्या सेकंदाला कोणता जोड तुटला, कोणता भाग कशावर आदळला, याची ती कालानुक्रमे नोंद असते. या अहवालाचे वैशिष्ट्य असे की त्यात कारण दिलेले नसते. फक्त क्रम असतो. क्रमावरून कारणाकडे जाण्याचे काम वाचकाकडे सोपविलेले असते. लेखकाच्या मते खेळाचे वाङ्मयीन सामर्थ्य येथे आहे. समीक्षकाने संहितेकडे जसे पुन्हा पुन्हा जावे, तसा खेळाडू अहवालाकडून आराखड्याकडे आणि आराखड्याकडून पुन्हा मंचाकडे जातो.

नियमांचे लेखकत्व

येथे एक शंका उपस्थित होते. ज्या नियमांना आपण निसर्गाचे म्हणून मान देतो, ते या खेळात कोणीतरी लिहिलेले आहेत. २०१५ पूर्वीच्या आवृत्त्यांत हवेचा रोध भागाच्या आकारावर नव्हे, तर वस्तुमानावर अवलंबून धरलेला होता. परिणामी यानाला निमुळते टोक लावल्यास रोध घटण्याऐवजी त्या टोकाच्या वजनापुरता वाढे, आणि पोळपाटासारखी पसरट याने सुखेनैव आकाशात जात. २०१५ च्या आवृत्तीत आकाराचा हिशोब आला, परतीच्या प्रवासातील उष्णता आली, आणि कालपर्यंत शहाणपणाची ठरलेली कित्येक याने एका रात्रीत मूर्खपणाची ठरली. विक्षिप्तता ही यंत्रात नसते. यंत्र व नियम यांच्या संबंधात असते, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

दुसरी तडजोड अधिक सूक्ष्म आहे. खेळातील ‘कर्बिन’ या ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दशांशाहूनही कमी. पण पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकेच, ९.८१. हे खरे मानल्यास ग्रहाची घनता पृथ्वीच्या दहापटीहून अधिक भरते. ज्ञात मूलद्रव्यांत सर्वांत जड असलेल्या ऑस्मियमच्याही ती अडीचपटीहून अधिक होते. असा ग्रह असू शकत नाही. परंतु या एका असत्याने काय साधले? तेथे कक्षेत जाण्यास एकूण सुमारे ३,४०० मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमवावा लागतो. पृथ्वीवर सुमारे ९,४००. त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणात हे आकडे घातले व ज्वलनवायूंचा वेग ३,००० मीटर धरला, तर आरंभीचे वस्तुमान अंतिम वस्तुमानाच्या कर्बिनवर सुमारे तिप्पट, तर पृथ्वीवर सुमारे तेवीसपट असावे लागते. तिप्पट हे नवशिक्याच्या आवाक्यातले आहे. एक स्थिरांक खोटा करून समीकरण खरे ठेवले आहे. ही तडजोड लेखकास प्रामाणिक वाटते, कारण ‘आणखी बूस्टर लावा’ हा खेळाडूंचा लाडका उपाय कर्बिनवरही शेवटी निष्फळच ठरतो : वाढीव इंधन उचलण्यास आणखी इंधन लागते.

तिसरा प्रकार मात्र कोणी लिहिलेला नाही. आरंभीच्या काळात दूर गेलेली सुदृढ याने अकारण थरथरत व फुटून जात. खेळाडूंनी या अदृश्य शक्तीला ‘क्राकेन’ या दंतकथेतील सागरी राक्षसाचे नाव दिले. कारण अंकगणितात होते. संगणकाच्या ३२ बिटांच्या अपूर्णांकात सुमारे सातच सार्थ अंक मावतात. मूळबिंदूपासून ६०० किलोमीटरवर स्थान सहा सेंटिमीटरपेक्षा बारकाईने सांगता येत नाही, आणि कर्बिनच्या चंद्राएवढ्या, म्हणजे १२,००० किलोमीटर, अंतरावर ही चूक एक मीटरपर्यंत जाते. शेजारी जोडलेले भाग मग क्षणोक्षणी एकमेकांपासून सरकल्यासारखे भासतात व जोड तुटतात. निर्मात्यांनी पुढे मूळबिंदूच यानापाशी आणून बरीचशी अडचण दूर केली. ही निव्वळ खेळातली गंमत समजू नये. ४ जून १९९६ रोजी ‘एरियन ५’ हा खराखुरा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाला, तोही ६४ बिटांची संख्या १६ बिटांत न मावल्याने. गणनेतील असल्याच उणिवांचा उपयोग करून इंधनाशिवाय धावणारी ‘क्राकेन’-इंजिने काही खेळाडूंनी बनविली, हे त्यांच्या बुद्धीला शोभणारेच झाले.

जेथे हसू अडखळते

जड वस्तूंबाबत एवढा काटेकोर असलेला हा खेळ सजीवांबाबत ढिला आहे. यानांत हिरव्या चेहऱ्याचे, मोठ्या डोळ्यांचे कर्बल बसलेले असतात, आणि प्रत्येकाच्या नोंदीत धैर्य व मूर्खपणा असे दोन गुण मोजलेले असतात. जेबेडाया हा त्यांतला प्रसिद्ध वैमानिक यान कोसळतानाही हसत असतो. सौम्य पातळीवर मृत कर्बल काही काळाने परत येतात, आणि ‘पूर्ववत करा’ ही कळ तर अपघातच पुसून टाकते. त्यांना हिरवे व बाहुलीसारखे केल्यामुळेच आपण हसू शकतो. तेथे माणसे असती, तर तोच अहवाल वाचवला नसता. कारणांची जबाबदारी खेळाडूवर टाकून परिणामांची जबाबदारी खेळ स्वतःच माफ करतो, ही त्याची खरी उणीव होय.

तथापि ही माफी काढून घेतली तर काय होते, हेही पाहिले पाहिजे, कारण खेळातच तशी सोय आहे. कठीण पातळीवर मागे फिरता येत नाही व मेलेले परत येत नाहीत. लेखकाने ती पातळी महिनाभर खेळून पाहिली. दुसऱ्या आठवड्यापासून स्वतःची याने रचणे थांबले व इतरांनी सिद्ध केलेले आराखडे उतरवून घेणे सुरू झाले. याने नीट उडू लागली. अहवाल उघडण्याची वेळच येईना.

त्याच सुमारास घरातील जुन्या कागदांत लेखकाची पदवीच्या पहिल्या वर्षाची प्रयोगवही सापडली. साध्या लंबकाच्या पानावर गुरुत्वत्वरणाची किंमत ९७९ आली आहे, आलेखावरील सर्व बिंदू सरळ रेषेत आहेत, आणि पानावर एकही खाडाखोड नाही. ती वाचने घेतल्याचे मात्र लेखकास आठवत नाही.