बाहुल्याची छाती आणि माणसाचा धोका

मोटारगाडी अडथळ्यावर आदळते, आतला चाचणी-बाहुला पुढे फेकला जातो, पट्टा त्याला अडवतो आणि नोंद होते : छाती ५० मिलिमीटर दबली. हे मोजमाप भरवशाचे आहे. चाचणी पुन्हा केली तर साधारण हाच आकडा मिळेल. पण त्यावरून ‘गंभीर इजेची शक्यता इतके टक्के’ असे म्हटले, की आपण मोजमाप सोडून अनुमानाकडे वळलेलो असतो. गाड्यांना तारे देताना हा फरक पुसला जातो, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

समोरच्या धडकेच्या चाचण्यांत वर्षानुवर्षे वापरला गेलेला ‘हायब्रिड-थ्री’ हा बाहुला जनरल मोटर्सने १९७६ च्या सुमारास तयार केला. उंची सुमारे १७५ सेंटिमीटर, वजन ७८ किलोग्रॅम. म्हणजे मध्यम बांध्याचा अमेरिकी पुरुष. त्याच्या सहा बरगड्या पोलादी पट्ट्यांच्या असतात. त्या दबतात आणि पूर्ववत होतात, मोडत नाहीत. इजेची माहिती येते ती मृतदेहांवरील प्रयोगांतून. तशाच आघातात बाहुल्याची छाती किती दबते हे पाहून दोहोंची सांगड घालतात आणि धोक्याचा आलेख काढतात.

हा आलेख किती पक्का? अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९९९ मध्ये एक सूत्र मांडले आणि २००८ मध्ये तारांकनासाठी दुसरे स्वीकारले. सहा पायऱ्यांच्या श्रेणीतील तिसरी किंवा त्यावरची इजा होण्याची शक्यता दोन्ही सूत्रे सांगतात. छाती ३० मिलिमीटर दबली तर पहिल्यानुसार धोका सुमारे ९ टक्के, दुसऱ्यानुसार ५. ५० मिलिमीटरला २१ आणि २६. ६३ मिलिमीटरला ३३ आणि ५१. बाहुला तोच, आकडा तोच, उत्तरे मात्र वेगळी. आणि ६३ मिलिमीटर ही तर अमेरिकी नियमातली कमाल मर्यादा! तेव्हा ‘चाचणीत उत्तीर्ण’ याचा अर्थ ‘निर्धोक’ असा होत नाही.

दुसरा आक्षेप मोजण्याच्या जागेविषयी आहे. हायब्रिड-थ्रीची छाती किती दबली हे मध्यभागी, उरोस्थीपाशी, एकाच ठिकाणी मोजतात. पट्टा मात्र खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे तिरका जातो आणि छाती वेडीवाकडी दबते. खालच्या बरगड्यांवर आलेला ताण मधल्या संवेदकाला पुरता कळत नाही. ‘थॉर’ या नव्या बाहुल्यात चार ठिकाणी मोजमाप होते. युरोपातील तारांकनाने तो २०२० पासून वापरात आणला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, पण थॉरही मध्यम पुरुषाच्याच बांध्याचा आहे.

मग इतरांचे काय? लहान चणीच्या स्त्रीसाठी ५२ मिलिमीटरची मर्यादा आहे, परंतु ती मुख्यतः पुरुषाची मर्यादा शरीराच्या मापाच्या प्रमाणात घटवून काढलेली आहे. स्त्री म्हणजे लहान केलेला पुरुष नव्हे. अमेरिकेतील अपघातांच्या नोंदींवर आधारलेल्या २०११ च्या एका अभ्यासात, सारख्याच स्वरूपाच्या धडकेत पट्टा लावलेल्या स्त्री-चालकांना गंभीर इजा होण्याचे प्रमाण पुरुष-चालकांच्या तुलनेत ४७ टक्के जास्त आढळले. हा आकडा केवळ छातीचा नाही, सर्व गंभीर इजांचा आहे. वय वाढते तशा बरगड्याही ठिसूळ होतात. तरुणाला सोसणारा पट्ट्याचा दाब वृद्धाच्या बरगड्या मोडू शकतो.

याचा अर्थ चाचण्या निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. दोन गाड्यांची तुलना करायला बाहुल्यासारखे साधन नाही, आणि पट्टा न लावण्याचे समर्थन तर यातून कोणीही करू नये. मागणी एवढीच, की ताऱ्यांसोबत धोक्याची एकच संख्या न देता तिची कमाल-किमान मर्यादा द्यावी आणि ती कोणत्या शरीरासाठी आहे हेही छापावे. भारतातही २०२३ पासून ‘भारत एनकॅप’चे तारे मिळू लागले आहेत, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. वर दिलेले सहा आकडे विद्यार्थ्यांना आलेख-कागदावर मांडायला सांगा. दोन रेषा एकमेकींना छेदतात. त्या का छेदतात, यावर वर्गात तासभर चर्चा सहज होईल.