महाडचा विंचू आणि पुराव्याचा प्रश्न

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातल्या व्याप्तीवर थांबलो होतो. आज तोच धागा घेऊन वैद्यकाकडे जायचं आहे. विषय आमचा नव्हे, असं कुणी म्हणेल. पण पुरावा कशाला म्हणायचं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या माणसानं विचारायचा नाही तर कुणी?

डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्या मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांचं सगळं काम मात्र रायगड जिल्ह्यातल्या महाडला झालं. १९७६च्या सुमारास ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावून माणसं, त्यातही लहान मुलं, मरत होती. विंचू उतरवणारे होते, डॉक्टरही होते. दोघांचेही हात टेकलेले. बावस्करांनी केलं काय? रोग्याच्या खाटेशी बसून ते नोंदी करत राहिले. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं, मग रक्तदाब चढणं आणि शेवटी फुफ्फुसात पाणी. म्हणजे माणूस वेदनेनं मरत नाही, हृदय आणि फुफ्फुस हरल्यानं मरतो. धोक्याच्या या पूर्वखुणांवरचा त्यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली. विषामुळे शरीरात जो रसायनांचा लोंढा सुटतो आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात, तो आवळा ही गोळी सैल करते. मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होतं ते एक टक्क्यावर आलं, असा त्यांच्या लेखनातला आकडा आहे.

इथं टाळ्या वाजवून घरी जायची आपली सवय. आम्ही जरा थांबतो. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना म्हणजे व्याप्ती नव्हे. नैयायिक विचारतील, मधे उपाधी कोणती? जिथं अग्नी तिथं धूर, असं म्हणून भागत नाही. लाकूड ओलं होतं का, तेही बघावं लागतं. दहा-वीस वर्षांत रस्ते होतात, रोगी लवकर पोचतो, डॉक्टरची नजर तयार होते. ही सगळी ओली लाकडंच की! प्राझोसिनच्या बाजूनं बोलणारी भक्कम गोष्ट म्हणजे तिच्यामागची कार्यकारण-यंत्रणा समजलेली होती. नुसत्या आकड्यावर आम्ही एवढे विसंबलो नसतो.

आमच्या मते बावस्करांचं खरं मोठेपण २०११ सालात आहे, आणि त्याबद्दल सत्कार समारंभात कुणी बोलत नाही. विंचवाची प्रतिलस उपलब्ध झाली होती. ज्या गोळीनं नाव दिलं, ती एकटी पुरते का, हे त्यांनी स्वतःच तपासायला घेतलं. ७० रुग्ण, दोन गट. कोण कुठल्या गटात जाणार ते यदृच्छेनं ठरलेलं. गोळी दोन्ही गटांना दिली, म्हणजे उपचारावाचून कुणालाच ठेवलं नाही. एका गटाला सोबत प्रतिलसही. नुसत्या गोळीच्या गटाला बरं व्हायला सरासरी साडेसतरा तासांहून जास्त लागले, दुसऱ्याला सुमारे आठ. निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. उणीव आहेच: कुणाला काय दिलंय हे डॉक्टरला माहीत होतं, आणि रोगी ‘पूर्ण बरा’ कधी झाला ते ठरवताना नजर कळत-नकळत झुकू शकते. निबंधाच्या शीर्षकातच ही गोष्ट उघड लिहिली आहे, हे आम्हाला आवडलं. लपवाछपवी नाही.

गडचिरोलीच्या बंग दांपत्याचा १९९९चा नवजात बालकांचा अभ्यास वेगळ्या जातीचा. ३९ गावांत घरोघरी सेवा, ४७ गावं तुलनेसाठी, आणि नवजात बालकांच्या मृत्यूंत साठ टक्क्यांहून जास्त घट. तिथं गावं यदृच्छेनं वाटलेली नव्हती. त्याहून टोचणारा प्रश्न तुलनेच्या गावांचा, तिथल्या बाळांचा. त्याचं सोपं उत्तर आमच्यापाशी नाही.

मेंदू-मणक्याच्या शस्त्रक्रियेत तर पंचाईत आणखी वाढते. खोटी गोळी देता येते, खोटी शस्त्रक्रिया कशी करणार? मुंबईच्या केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी मानेचे वरचे दोन मणके पट्टी आणि स्क्रूनं स्थिर करण्याची पद्धत रूढ केली, १९९४ साली छापली. पुढे जर्मनीच्या हार्म्स यांनी तीत बदल केला आणि आज ती दोघांच्या नावानं जगभर चालते. परक्या हातांनी करून पाहिलं आणि जमलं, हाच तिथं पुरावा. पण मेंदूचा भाग खाली सरकण्याच्या किआरी विकाराचं मूळही त्याच सांध्याच्या अस्थिरतेत आहे, ही गोयलांची पुढची उपपत्ती अनेक शल्यविशारदांना मान्य नाही. स्क्रू पक्का बसला म्हणून उपपत्ती पक्की बसत नाही. तिला स्वतंत्र परीक्षा द्यावीच लागेल.

आता आपल्या घरचं. लातूर पॅटर्ननं हजारो मुलं डॉक्टर केली, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण चार पर्यायांतून एक निवडण्यात ती इतकी तरबेज होतात, की पाचवा पर्याय कागदावर नाहीच, असं म्हणायला धजत नाहीत. बिरवाडीत पर्याय छापलेले नव्हते. आणि आपल्या प्राध्यापकांनी गुणांकासाठी किती निबंध पैसे मोजून छापून घेतले, ते या सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक आहे, हसू नका. नांदेडच्या विद्यापीठात जैवविज्ञानाचं संकुल आहे, नांदेडला, लातूरला आणि अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दर पावसाळ्यात सर्पदंशाचे रोगी येतात, त्यांचे केसपेपर लिहिले जातात. चावल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत किती तास गेले आणि ते कुठं गेले, एवढं एकच कलम तीन वर्षं नीट भरून कुणी आणून दाखवावं. त्याला यंत्र लागत नाही, अनुदानही नाही. पुढच्या व्याख्यानाला असा एखादा विद्यार्थी इथं उभा राहिला, तर आम्ही आमची वेळ त्याला देऊ.